स्टेशनवरचे मोफत वाय-फाय ओटीपी का मागते?

रेल्वे स्टेशन असो, विमानतळ असो की एखादा मॉल, मोफत वाय-फायला फोन जोडला की समोर येणारे पान साधारण सारखेच असते. मोबाइल नंबरची चौकट, आणि तिच्या डाव्या टोकाला बहुतेक वेळा आधीच छापलेले +९१. दहा आकडे भरायचे, एसएमएसची वाट पाहायची, ओटीपी टाकायचा, अटी मान्य असल्याची खूण करायची, की इंटरनेट सुरू. खिशात चालू भारतीय सिम असेल तर यात काही वावगे वाटत नाही. पंचाईत होते ती परदेशातून सुट्टीला गावी आलेल्याची, फोन बंद पडून हातात नुसता लॅपटॉप उरलेल्याची आणि फलाटावर रेंजच मिळत नसलेल्याची. म्हणजे ज्यांना या सोयीची खरी गरज असते, नेमके तेच अडतात. हे असे का झाले, याचे उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही. ते २००८-०९ च्या घडामोडींत आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. वाय-फायचे मूळ मानक १९९७ चे. ते ज्या रेडिओलहरींवर चालते तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि राउटर घरोघरी येऊ लागले. कंपनीचा माणूस जोडणी करून जाई आणि पासवर्ड लावायचे बऱ्याच ठिकाणी राहूनच जाई.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यांची जबाबदारी घेणारा ई-मेल स्फोटांच्या काही मिनिटे आधीच वृत्तवाहिन्यांना पोचला होता. आयपी पत्त्याचा, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या ओळख-क्रमांकाचा, माग काढत तपास आला तो नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका फ्लॅटपर्यंत. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचे वाय-फाय उघडे होते आणि ते भलत्यानेच वापरले होते. ऑगस्टमधला पुढचा ई-मेल माटुंग्यातल्या एका महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून गेला. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून गेला. नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला. जानेवारी २००९ मध्ये शहरातले उघडे वाय-फाय हुडकण्यासाठी पोलीस उपकरणे घेऊन फिरणार असल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार खात्याने इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना सविस्तर सूचना धाडल्या.

या सूचनांत सार्वजनिक वाय-फायवरच्या तात्पुरत्या ग्राहकासाठी दोनच वाटा ठेवल्या होत्या. एक, छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची प्रत घ्यायची आणि वर्षभर जपून ठेवायची. दुसरी, लॉगिनचा तपशील एसएमएसने मोबाइलवर पाठवायचा आणि तो नंबर हीच त्या माणसाची ओळख म्हणून वर्षभर नोंदीत ठेवायची. झेरॉक्सचा गठ्ठा सांभाळण्यापेक्षा एसएमएस सोपा, म्हणून सगळे दुसऱ्या वाटेने गेले. ओळखपत्राची वाट उरली ती मुख्यतः विमानतळांवर, परदेशी प्रवाशाला पासपोर्ट पाहून कूपन देण्यापुरती.

निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे दुर्लक्षावे असे नाही. आयपी पत्ता तपासाला राउटरपर्यंत नेतो, त्यापुढे कोण बसले होते ते सांगत नाही. सिम कागदपत्रे घेऊन दिलेले असते, त्यामुळे नंबर कळला की माणूस कळतो. त्या वर्षी मुंबईने जे पाहिले, त्यानंतर ही मागणी होणे स्वाभाविकच होते.

पण ज्या तीन ई-मेलमुळे हे सगळे घडले, त्यांपैकी एकही प्रवाशांसाठी ठेवलेल्या सार्वजनिक हॉटस्पॉटवरून गेलेला नव्हता. फ्लॅट, महाविद्यालय आणि कार्यालय. तिन्ही ठिकाणी नेटवर्क खासगी होते आणि दुखणे राउटरच्या ढिल्या बंदोबस्ताचे होते. त्यावर उपाय म्हणजे धड पासवर्ड आणि चांगले एन्क्रिप्शन, म्हणजे माहितीचे सांकेतिक कुलूप. खासगी वाय-फायसाठीही याच सूचनांत नोंदणी आणि ओळखतपासणीची भाषा होती, तरी आजही आपल्या घरचे वाय-फाय साध्या पासवर्डवर चालते. अट खऱ्या अर्थाने लागू झाली ती फक्त सार्वजनिक ठिकाणी. शिवाय बनावट कागदपत्रांवर सिम मिळवणे अशक्य नव्हते, म्हणजे मुद्दाम लपणारा त्यातूनही निसटू शकत होता.

छोट्या व्यावसायिकांवरचा परिणाम त्याहून मोठा होता. ओटीपी पाठवायचा आणि नोंदी ठेवायच्या तर तशी यंत्रणा पुरवणारी कंपनी गाठावी लागते, एसएमएसचे पैसे मोजावे लागतात. गल्ल्यामागच्या भिंतीवर पासवर्ड चिकटवणारा लॉजवाला किंवा खानावळवाला काटेकोर पाहिले तर या सूचनांत बसत नाही. २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठीचे नियम आले तेही याच वळणाचे. ओळखपत्र, वर्षभराच्या नोंदी, आणि खोप्यांमधल्या आडोशाची उंची जास्तीत जास्त साडेचार फूट, इथपर्यंत बारकावे त्यांत आहेत.

इटलीनेही २००५ मध्ये, लंडनच्या स्फोटांनंतर, सार्वजनिक इंटरनेटसाठी ओळखपत्र सक्तीचे केले होते. २०१० अखेर त्यांनी ती सक्ती संपू दिली. आपल्याकडे असा फेरविचार गंभीरपणे झाला नाही, ही खटकणारी गोष्ट आहे.

रेल्वेचे वाय-फाय उभे राहिले ते या पायावर. रेल्वेच्याच दूरसंचार कंपनीने रुळांच्या कडेने ऑप्टिकल फायबर आधीच टाकलेले होते, त्यामुळे स्टेशनांच्या दारात वेगवान जोडणी तयार होती. सप्टेंबर २०१५ मध्ये एका अमेरिकी इंटरनेट कंपनीबरोबरची योजना जाहीर झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरुवात झाली. वर्ष संपता संपता उटी हे शंभरावे स्टेशन ठरले, जून २०१८ मध्ये दिब्रुगड चारशेवे. त्याच वर्षी एर्नाकुलम जंक्शनवरच्या एका हमालाची बातमी देशभर गाजली. ओझी वाहताना कानात इअरफोन घालून, स्टेशनच्या वाय-फायवर अभ्यास करत तो केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला होता. या योजनेचे मोल सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडत नाही.

धावत्या गाडीत मात्र गणित जमले नाही. हावडा राजधानीत २०१३ पासून उपग्रहामार्फत वाय-फाय देऊन पाहिले. ते परवडत नाही आणि वेगही पुरेसा मिळत नाही, असे २०२१ मध्ये संसदेत सांगण्यात आले. एसटीतही २०१६ च्या सुमारास वाय-फायच्या डब्या बसल्या होत्या, पण त्यांत आधी भरून ठेवलेले चित्रपट आणि मालिका होत्या, इंटरनेट नव्हते. राज्य सरकारने जानेवारी २०१७ मध्ये मुंबईत ५०० हॉटस्पॉट सुरू केले आणि १ मेपर्यंत १,२०० करण्याचे जाहीर केले.

तोवर बाजार पालटला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये एक नवी मोबाइल कंपनी मोफत ४जी घेऊन उतरली आणि डेटाचे दर कोसळले. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकी कंपनीने काढता पाय घेतला, कारण दिले स्वस्त डेटाचे. तिच्या वाट्याला ४०० हून थोडी अधिक स्टेशने होती. रेल्वेच्या कंपनीचे जाळे तोपर्यंत पाच हजारांच्या पुढे गेले होते, त्यामुळे सेवा बंद पडली नाही. मार्च २०२१ मध्ये तिचे स्वरूप मात्र बदलले. पहिला अर्धा तास १ एमबीपीएस वेगाने मोफत, पुढे पैसे. सर्वांत छोटा प्लॅन दिवसाला १० रुपयांचा, ५ जीबीचा.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी या सार्वजनिक वाय-फाय योजनेला मंजुरी दिली. चहाची टपरी किंवा किराणा दुकान कसलाही परवाना न घेता वा शुल्क न भरता वाय-फाय देऊ शकेल आणि ओळखतपासणी अ‍ॅपमध्ये एकदाच होईल, अशी ही रचना. दुकानदाराच्या डोक्यावरचे नोंदींचे ओझे उतरवण्याचा अकरा वर्षांतला हा पहिला खरा प्रयत्न. पण २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचे लक्ष्य होते, आणि प्रत्यक्षातला आकडा काही लाखांवरच रेंगाळला. अडथळा होता जोडणीच्या दराचा. इंटरनेट कंपन्या टपरीवाल्याकडून घरगुती दराऐवजी महागड्या व्यावसायिक लाइनचे पैसे मागत. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, त्यावर मर्यादा घातली. पीएम-वाणीच्या दुकानदाराला २०० एमबीपीएसपर्यंतची जोडणी घरगुती दराच्या जास्तीत जास्त दुप्पट दराने द्यावी लागेल. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवाल्याला हा धंदा परवडतो की नाही, हे आता या दरांवर ठरेल.