पंख, पीस आणि जोड: प्रदर्शनी बजीच्या निवडीची पार्श्वभूमी

प्रदर्शनात पहिला येणारा आजचा बजी (बजरीगर हा छोटा पोपट) आणि ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळावर थव्याने उडणारा रानटी बजी शेजारी ठेवले तर नवख्या माणसाला त्या दोन वेगळ्या जाती वाटतील. रानातला पक्षी जेमतेम १८ सेंटीमीटरचा, ३०-३५ ग्रॅमचा. प्रदर्शनातला त्याच्या दुप्पट वजनाकडे झुकलेला, छाती भरलेली, कपाळावरची पिसं पुढे झुकून डोळे अर्धे झाकलेले. हा बदल निसर्गाने घडवलेला नाही. कुठला नर कुठल्या मादीला लावायचा, हे माणसांनी पिढ्यानपिढ्या ठरवलं, आणि ते ठरवताना त्यांच्या नजरेसमोर परीक्षकांची पट्टी होती. म्हणून आज जोड लावण्यावरून जे वाद होतात, ते समजायचे तर ती पट्टी कुणी, केव्हा आणि कशाला घाबरून आखली, हे पाहावं लागतं.

सुरुवातीचा काळ रंगांचा. १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला पोचले. बेल्जियम आणि दक्षिण फ्रान्समध्ये त्यांची मोठ्या प्रमाणावर पैदास सुरू झाली, आणि १८९४ मध्ये ऑस्ट्रेलियाने निर्यात बंद केल्यावर युरोपातलेच पक्षी पुढच्या बहुतेक वाणांचे पूर्वज ठरले. त्याआधीच पिवळा आला होता, मग निळा आला. १९१० च्या सुमारास लंडनमध्ये निळे बजी पाहायला गर्दी झाली. १९१५ मध्ये फ्रान्सच्या तुलूझमध्ये गडद छटा निघाली. विसाच्या दशकात जपानमध्ये निळ्या बजींचं वेड असं पसरलं की एका जोडीला शंभर पौंडांच्या घरात भाव मिळू लागला. त्याच दशकात जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये एका अभ्यासकाने एका धनिक पक्षीपालकाच्या मदतीने बजीच्या रंगांची आनुवंशिकता उलगडली. हिरवा निळ्यावर प्रभावी, रंग गडद करणारा जनुकीय घटक एक की दोन, कुठली छटा लिंगाशी जोडलेली, हे सगळं तक्त्यांत मांडून झालं. घरट्यात पहिलं अंडं पडण्याआधीच पिलांचे रंग कागदावर सांगता येऊ लागले.

या यशामुळे पैदासकारांच्या मनात एक समजूत घट्ट बसली: बजीत काहीही हवं असेल तर योग्य जोड शोधा, ते मिळेल. रंगाच्या बाबतीत ते खरं होतं. डोक्याची रुंदी, खांद्यांची ठेवण, गळ्यावरच्या ठिपक्यांचा आकार या गोष्टी मात्र एका-दोन जनुकांवर चालत नाहीत. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, आणि दोन उत्तम पक्ष्यांची पिलं सरासरीकडे घसरतात. हे कळायला पुढची वीस-तीस वर्षं गेली.

इंग्लंडमध्ये १९२५ मध्ये बजीपालकांची संस्था स्थापन झाली आणि पुढे आदर्श पक्ष्याचं चित्र आणि मोजमाप ठरलं. डोक्याच्या माथ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेआठ इंच, म्हणजे २१६ मिलिमीटर. गळ्यावर सहा गोल ठिपके, त्यातले कडेचे दोन गालांच्या डागांखाली थोडे झाकलेले. पंखांची लांबी एकूण लांबीच्या साधारण दोन पंचमांश. त्या काळचे बहुतेक पक्षी या मापापर्यंत पोचतच नव्हते. हे ठरलेलं मानक पक्ष्यांच्या पुढे होतं, आणि पैदासकार त्याच्या मागे धावत होते.

धावण्याची पद्धत दोन प्रकारची होती. एक म्हणजे दोषाला गुणाने उत्तर द्यायचं: नराचं डोकं अरुंद असेल तर रुंद डोक्याची मादी, मादीचे ठिपके बारीक असतील तर मोठ्या ठिपक्यांचा नर. एकच दोष दोन्हीकडे असेल तर ती जोडी लावायची नाही, हा नियम आजही कुणी मोडत नाही. दुसरी पद्धत म्हणजे घरचं रक्त राखायचं. बापाला मुलगी लावली तर पिलांतला अंतःप्रजननाचा गुणांक, म्हणजे आई-बापांचं नातं किती जवळचं याचं माप, २५ टक्के होतो, सावत्र भावंडांत साडेबारा, चुलत भावंडांत सव्वासहा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये ज्या मोजक्या पैदासकारांनी आपलं कुटुंब बंद ठेवून दूरच्या नात्यात जोड लावले आणि बाहेरचा पक्षी अगदी विचारपूर्वक आत घेतला, त्यांचेच पक्षी पुढे सगळ्यांच्या पिंजऱ्यात गेले. जो माणूस दर वर्षी चार ठिकाणांहून चार बक्षीसवाले पक्षी आणून एकमेकांना लावत राहिला, त्याच्याकडे बक्षीस एखाद वेळेस आलं. वाण कधी उभा राहिला नाही. दिसण्यावर निवड करायची की वंशावळीवर, हा वाद त्या काळापासूनचा आहे, आणि निकाल वंशावळीच्या बाजूने लागलेला आहे असं मला ठामपणे वाटतं. देखण्या पक्ष्यापेक्षा देखण्या भावंडांतला साधारण पक्षी जास्त देऊन जातो.

आता ज्या निर्णयावर जुने लोक अजूनही एकमत होत नाहीत, त्याकडे येऊ. युद्धानंतरच्या वर्षांत इंग्लंडमधल्या काही पक्षीघरांत लांब पंखांचे बजी दिसू लागले. हे पक्षी मापाने मोठे होते. डोकं भारदस्त, अंग लांब, हाडं थोराड. इतकी वर्षं इंच-इंच वाढवण्यासाठी झटणाऱ्याला असा पक्षी दिसल्यावर काय वाटलं असेल, ते सांगायला नको. पण पंखांची पिसं अंगाच्या मानाने फार लांब. बसल्यावर पंखांची टोकं शेपटीवर एकमेकांवर फुली करून पडायची, पाठीचा बाक बिघडायचा, शेपूट खाली लोंबायची. पक्षी मोठा दिसायचा, पण डौल हरवलेला.

पैदासकारांचा अनुभव असा की लांब पंखांचा पक्षी साध्या पक्ष्याला लावला की पिलांत दोन्ही प्रकार निघत, आणि त्यातली आखूड पंखांची भावंडंही अंगाने भरलेली असत. त्यामुळे एक गट म्हणू लागला की लांब पंखांना प्रदर्शनात आणू नका, पण पैदाशीत त्यांचा उपयोग करा. आकार घ्या, पंख सोडा. दुसऱ्या गटाला हे पटत नव्हतं. त्यांच्या मते मानक म्हणजे प्रमाण. प्रमाण बिघडवणाऱ्या रक्ताला एकदा दार उघडलं की दहा वर्षांत सगळेच पक्षी तसे होतील, आणि मग परीक्षकांना तेच नेहमीचं वाटू लागेल.

संस्थेचा निर्णय दुसऱ्या गटाच्या बाजूने झाला, आणि तो अर्धवट नव्हता. आदर्श पक्षी आखूड पंखांचा, बंद पंखात दिसणारी मुख्य उड्डाणपिसं सात, पूर्ण वाढलेली, न मोडलेली. लांब पंखांची लक्षणं दाखवणाऱ्या पक्ष्याला कुठलंही बक्षीस नाही. कमी गुण नाहीत, ताकीद नाही, थेट अपात्र. मानकाच्या बाकीच्या भागात परीक्षकाच्या मताला जागा आहे. या वाक्यात नाही.

या निर्णयाने अनेकांचं नुकसान केलं, हे खरं आहे. ज्यांनी काही वर्षं लांब पंखांवर वाण बांधला होता, त्यांना पक्षी काढून टाकावे लागले. त्यांची तक्रार अशी की नियम फक्त पंखांवर होता, रक्तावर नव्हता. आखूड पंखांची भावंडं राजरोस विकली गेली, आणि आजच्या थोराड बजीत त्या रक्ताचा वाटा आहे, हे कुणी जाहीरपणे मान्य केलं नाही. तक्रारीत तथ्य आहे. तरीही माझ्या मते निर्णय योग्य होता. मानक ठरवणाऱ्यांनी त्या एका प्रसंगी स्वतःला विचारलं की मोठा पक्षी हवा की चांगला पक्षी, आणि पक्ष्याच्या चालीला, बसण्याला, उडण्याला बाधा आणणारी वाढ त्यांनी नाकारली. पुढच्या पन्नास वर्षांत ही हिंमत पुन्हा दिसली नाही.

कारण पुढचा बदल पंखांतून आला नाही, तो पिसांतून आला. कॅनरी पाळणाऱ्यांकडे पिसांचे दोन प्रकार मानतात: एक आखूड, घट्ट बसणारं, कडेपर्यंत रंग असलेलं, दुसरं रुंद, मऊ, कडेला फिकं, ज्याला बफ म्हणतात. कॅनरीत जुना दंडक आहे की बफला घट्ट पिसाचा जोड द्यावा. बफला बफ लागोपाठ लावत गेलं तर पिसं कातडीखालीच गुंडाळून गाठी होतात. बजीवाल्यांनी शब्द उचलला, दंडक मागे ठेवला. बजीत पिसाचे असे दोन स्वच्छ प्रकार नाहीतच, घट्टपासून सैलपर्यंत सलग पायऱ्या आहेत. त्यामुळे कुठे थांबायचं, याची रेषा कुणाला सापडली नाही, आणि कुणी ती आखलीही नाही.

पक्षी हातात घेऊन कपाळाच्या पिसांवर हलकी फुंकर मारली की फरक दिसतो. घट्ट पिसाच्या बजीत कातडी लगेच उघडी पडते. सैल पिसाच्या बजीत बुडाशी धुरकट लव दाट असते, वरची पिसं लांब आणि रुंद, आणि फुंकर थांबली तरी ती पूर्वीच्या जागी नीट बसत नाहीत. डोकं मोठं दिसतं ते कवटीने कमी आणि या पिसांनी जास्त. ढगळ कोट घातलेल्या माणसासारखं आहे हे. खांदे कोटाचे असतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जर्मनीतल्या वाणांतून चोचीच्या वरून बाजूंना आणि वर फेकल्या जाणाऱ्या पिसांचे पक्षी आले आणि चित्रच पालटलं. परीक्षकांची नजर डोक्यावर खिळली. ज्याच्या कपाळाला हा फुलोरा नाही तो पक्षी अंगाने कितीही निर्दोष असला तरी मागे राहू लागला.

ऑस्ट्रेलियात हे सगळं एकदम आलं. तिथे परदेशी पक्ष्यांच्या आयातीवर कित्येक वर्षं बंदी होती. १९९० मध्ये विलगीकरणाच्या कडक अटींवर ती सैल झाली आणि इंग्लंडचे बजी बजीच्या मूळ देशात परतले. एक आयात नर, चार स्थानिक माद्या, त्यांच्या मुली पुन्हा आयात रक्ताच्या नराला, अशा पायऱ्यांनी तीन पिढ्यांत साडेसत्याऐंशी टक्के इंग्रजी रक्त होतं. तिथल्या पैदासकारांनी जुन्या वाणांत चांगली फलनक्षमता आणि घट्ट पीस राखलं होतं. बहुतेकांनी ते काही हंगामांत बाजूला सारलं.

सैल पिसाची किंमत पैदाशीच्या पेटीत मोजावी लागते. गुदद्वाराभोवतीची पिसं इतकी लांब होतात की नर-मादीचा मेळ नीट बसत नाही. म्हणून जोड लावण्याआधी दोघांचीही पिसं कात्रीने आखूड करायची, ही आता नेहमीची रीत आहे. अंडी दिव्यावर धरली की एकामागून एक रिकामी निघतात. साठच्या दशकापासून प्रदर्शनी वाणांत एक भयंकर दोषही नोंदला गेला आहे: पिलाची पिसं वाढायची थांबतच नाहीत, डोळे झाकले जातात, उडता येत नाही, आणि पक्षी सहसा वर्षाच्या आत मरतो. आई-बाप दोघेही दिसायला धडधाकट असतात. हा दोष सुप्त आहे, दोन्हीकडून आला तरच दिसतो, म्हणजे जवळच्या नात्यात जोड लावणाऱ्याच्या घरी तो लवकर वर येतो. अशी जोडी तोडायची आणि भावंडंही पैदाशीतून काढायची, हाच त्यावर इलाज. प्रत्यक्षात भावंडांत एखादा बक्षीसवाला नर असला की तो राहतो.

रंगाचा प्रश्न दरम्यान रेणूंपर्यंत पोचला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पिवळं रंगद्रव्य बनवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकातला एक बदल बजीला निळा करतो, हे दाखवण्यात आलं. ब्रेमेनच्या तक्त्यांना नव्वद वर्षांनी पुरावा मिळाला. पिसांच्या लांबीसाठी असं एकच जनुक हाती लागेल अशी आशा धरू नये. तिथे मोजमाप, नोंदी आणि निवड यांनीच काम करावं लागणार.

आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशी पक्ष्यांचा व्यापार पूर्ण बंद झाल्यावर परदेशी पक्ष्यांची पैदास वाढली. २०२२ च्या वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीने वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी पक्षी नोंदणीच्या कक्षेत आले; बजी त्या यादीत नसल्याने मोकळा राहिला. मुंबई-पुण्यातल्या हौशी लोकांकडे आता मडक्यात वाढणाऱ्या साध्या बजीशेजारी लाकडी पेटीतला इंग्लिश बजीही असतो. इथे आयात नर मोजके, आणि त्यांची मुलं-नातवंडं हातोहात फिरलेली. दोन वेगळ्या शहरांतून आणलेले दोन ‘बाहेरचे’ पक्षी एकाच आजोबाचे निघू शकतात. पायातली बंद कडी पिल्लू आठवड्या-दहा दिवसांचं असतानाच चढवावी लागते, नंतर ती जात नाही. कडी नसलेल्या पक्ष्याचं वय आणि नातं विकणाऱ्याच्या शब्दावर सोडावं लागतं. शिवाय दाट पिसांचा पक्षी आपल्या मे महिन्यात पंख फाकवून, चोच उघडून धापा टाकतो, आणि तरी खरेदीदार पहिलं विचारतो ते कपाळाच्या फुलोऱ्याबद्दलच. मादीने मागच्या हंगामात किती अंडी घातली, त्यातली किती भरली, किती पिलं स्वतः भरवून पेटीबाहेर आणली, हे विचारणारा गिऱ्हाईक आला तर विकणाऱ्याला वही काढावी लागेल. बहुतेकांकडे ती वही नसते.