विड्रॉवल (मद्य व शामक औषधांचा)

बराच काळ रोज घेतलेली दारू किंवा झोपेच्या, चिंतेवरच्या शामक गोळ्या एकदम बंद केल्यावर शरीरात उठणारा लक्षणांचा समूह. मात्रा झटकन कमी केली तरी तो दिसू शकतो. त्याला तलफ समजणे चूक आहे. हेरॉइनचा विड्रॉवल बघणाऱ्याला जास्त भयंकर वाटतो, पण त्यात सहसा जीव जात नाही. दारू आणि शामकांच्या बाबतीत तो जाऊ शकतो.

मेंदूत गाबा हे रसायन चेतापेशींना आवर घालते, तर ग्लुटामेट त्यांना चेतवते. दारू, बार्बिच्युरेट व बेंझोडायाझेपिन गटातील औषधे (अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम) गाबाचा जोर वाढवतात. दारू शिवाय ग्लुटामेटलाही दाबते. महिनोन् महिने हे चालले की मेंदू गाबाला पूर्वीइतकी दाद देत नाही आणि ग्लुटामेटची ग्रहणकेंद्रे वाढवतो. मग एके दिवशी दारू थांबते आणि रस्सीखेचीत एका बाजूने दोर सोडावा तसे होते.

दारूच्या बाबतीत पहिली चिन्हे शेवटच्या प्याल्यानंतर साधारण 6 ते 8 तासांत दिसतात : घाम, मळमळ, धडधड, वाढलेला रक्तदाब, उडालेली झोप. हात पुढे करून बोटे फाकवायला सांगितली की थरथर लपत नाही. आकडी बहुधा 6 ते 48 तासांत येते, आणि तीही आधी कधी फिट न आलेल्या माणसाला. काहींना पहिल्या दिवसभरात आवाज किंवा आकृत्यांचे भास होतात, मात्र आपण कुठे आहोत याचे भान शाबूत असते.

हे भान सुटते ते डिलिरियम ट्रेमेन्समध्ये. हे नाव 1813 मध्ये इंग्रज वैद्य टॉमस सटन यांनी दिले. ही अवस्था साधारणपणे 48 ते 96 तासांत सुरू होते. ताप, प्रचंड घाम, बेफाम नाडी. रुग्ण अंगावरचे नसलेले किडे झटकतो, चादर चिवडतो. चिमटीत दोरा धरल्याचा नुसता आव आणून 'हा घ्या' म्हटले, तर काही जण तो घ्यायला हात पुढे करतात. पूर्वी, उपचारांच्या अभावी, यात सुमारे एक-तृतीयांश रुग्ण दगावत. आज वेळीच उपचार मिळाले तर हे प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली असते. फसगत होते ती बहुधा हाड मोडून किंवा शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्यांची. पिण्याची गोष्ट घरच्यांनी संकोचाने सांगितलेली नसते आणि तिसऱ्या रात्री रुग्ण सलाइन उपटून उठतो.

उपचाराचा कणा म्हणजे बेंझोडायाझेपिनच : क्लोरडायाझेपॉक्साइड, डायझेपाम, यकृत खराब असल्यास लोराझेपाम. जे काम दारू करत होती तेच ही औषधे करतात, फक्त ती मोजून देता येतात आणि काही दिवसांत उतरवता येतात. सोबत थायामिन (ब-1 जीवनसत्त्व) लागते. त्याच्या अभावाने वेर्निके विकार होतो : गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड, चालताना तोल जाणे. म्हणून नुसते ग्लुकोज चढवत न बसता थायामिन आधी किंवा त्याबरोबरच देतात. सोडणे-धरणे वारंवार झाले, तर पुढचा विड्रॉवल आधीपेक्षा तीव्र होण्याकडे कल असतो. याला किंडलिंग म्हणतात. आधी एकदा फिट आली असेल, तर पुढच्या वेळी दारू घरीच सोडण्याचा हट्ट धरू नये.

शामक गोळ्यांचे वेळापत्रक औषध शरीरात किती टिकते यावर ठरते. अल्प्राझोलामचा त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो. डायझेपामचा आठवडाभरानेही, त्यामुळे कारण चटकन लक्षात येत नाही. चिंता, निद्रानाश, स्नायूंचे झटके, आवाज-उजेड असह्य होणे आणि आकडी ही लक्षणे त्यात दिसतात. डॉक्टरने लिहून दिलेल्या नेहमीच्या मात्रेनेही हे घडते. मूळ चिंताच परतली असे समजून गोळी पुन्हा सुरू होते, हा यातला जुना घोळ. अशा गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवडे, कधी महिने लावून टप्प्याटप्प्याने कमी करतात आणि शेवटच्या छोट्या मात्रांशी वेग अनेकदा आणखी मंदावावा लागतो.