बॅटरी 'पूर्ण संपू द्या' हा सल्ला आता सोडा

नवा फोन घेतला की दुकानदार अजूनही बजावतो, 'पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला लावा, आणि पूर्ण उतरल्याशिवाय परत लावू नका.' आमच्या घरी वडील आजही फोन २ टक्क्यांवर येईपर्यंत चार्जरला हात लावू देत नाहीत.

हा सल्ला मुळात खोटा नव्हता, तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा होता. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे फोनमध्ये तीच आली. बॅटरी बदलली, सल्ला तसाच राहिला!

लिथियम-आयनचं दुखणं वेगळं. आतल्या ग्राफाइटवर, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकावर, पहिल्याच चार्जिंगला एक पातळ थर बसतो. तो हवाच, पण पुढे हळूहळू जाड होत जातो आणि कामाचं लिथियम गिळतो. उष्णतेने हे वेगाने होतं. शंभर टक्क्यांजवळ, म्हणजे साधारण ४.२ व्होल्टला, दुसऱ्या, म्हणजे धन टोकालाही (कॅथोडला) झीज वाढते. म्हणून रात्रभर उशीखाली चार्जिंग वाईट. चाळीसवरून ऐंशीवर नेणं उलट बरं.

कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात बॅटरी-संशोधक जेफ डॅन यांच्या गटाने चार्ज होऊन उतरण्याच्या प्रत्येक फेरीत किती विद्युतभार आत गेला आणि किती परत आला, हे अतिशय बारकाईने मोजलं. त्यातली किंचितशी तूटही बॅटरी किती टिकेल ते आधीच सांगते. २०१९ मध्ये त्यांनी एकसंध स्फटिकांच्या कॅथोडचे सेल हजारो फेऱ्या टिकल्याचं दाखवलं.

कधीतरी शून्यापर्यंत उतरवल्याने टक्क्यांचा आकडा ताळ्यावर येतो, एवढंच. बॅटरीला त्याचा फायदा नाही.