ग्लुकोज-फ्रुक्टोज ऑक्सिडोरिडक्टेज

झायमोमोनास मोबिलिस या जीवाणूत आढळणारे एंझाइम. एकाच फेरीत ते ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करून ग्लुकोनोलॅक्टोन आणि फ्रुक्टोजचे क्षपण करून (त्याला हायड्रोजन जोडून) सॉर्बिटॉल तयार करते.

झायमोमोनास ग्लुकोजवर वाढवला तर जवळजवळ सगळ्या साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडून बनलेल्या सुक्रोजवर मात्र अल्कोहोल कमी मिळते. काही साखर लेव्हान या बहुशर्करेत जाते हे माहीत होते, पण तेवढ्याने हिशेब जुळेना. उरलेली तूट सॉर्बिटॉलची निघाली. ते घडवणारे एंझाइम एम. झकारियू आणि रॉबर्ट स्कोप्स यांनी 1986 मध्ये वेगळे केले.

याचे खरे वैशिष्ट्य सह-एंझाइमात, म्हणजे एंझाइमाला साथ देणाऱ्या लहान रेणूत आहे. अशा बहुतेक एंझाइमांत एनएडीपी हे हायड्रोजन वाहून नेणारे सह-एंझाइम येते, विक्रिया झाली की सुटते आणि दुसरीकडे पूर्ववत होते. इथे ते प्रथिनात घट्ट रुतून बसलेले असते. ग्लुकोज क्रियास्थानी येऊन त्याला हायड्रोजन देतो आणि लॅक्टोन बनून निघून जातो; त्याच जागी फ्रुक्टोज येतो, तो हायड्रोजन घेतो आणि सॉर्बिटॉल होतो. एनएडीपी मूळपदावर येते. उसने घेतलेले जागच्या जागी फेडले जाते.

एंझाइमाचे काम पेशीच्या दोन पटलांमधल्या जागेत चालते. तिथे एनएडीपी मिळत नाही, म्हणून प्रथिन आतच एनएडीपीसह घडी होऊन तयार होते आणि तसेच, न उलगडता, ‘टॅट’ या घडी झालेली प्रथिने पटलापार नेणाऱ्या मार्गाने बाहेर पाठवले जाते.

फ्रुक्टोज भरपूर असल्याशिवाय एंझाइम नीट चालत नाही. वरवर हा दोष वाटेल, पण जीवाणूला त्याची गरज दाट साखरेतच पडते. तिथे पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. सॉर्बिटॉल पेशीत साठून तो ताण तोलून धरते, आणि जीवाणूला ते पचवता येत नसल्याने खर्चही होत नाही. लॅक्टोनचे ग्लुकॉनिक आम्ल होते; ते मात्र पुढे अल्कोहोलाच्या वाटेला लागते.

सॉर्बिटॉल आणि ग्लुकॉनिक आम्ल एकत्र मिळवण्यासाठी पेशींवर टोल्युइन या द्रावकाची प्रक्रिया करतात. पटल सच्छिद्र होऊन सुटी सह-एंझाइमे बाहेर गळतात, त्यामुळे किण्वन थांबते. रुतलेल्या एनएडीपीचे हे एंझाइम मात्र चालूच राहते. ग्लुकोजऐवजी लॅक्टोज दिल्यास लॅक्टोबायोनिक आम्ल मिळते.