पर्यटन व्यवसायातील समाजमाध्यमे आणि ऑनलाइन विपणन

हॉटेले, विमान कंपन्या, सहल आयोजक आणि पर्यटन मंडळे प्रवाशांचे लक्ष वेधण्यासाठी, त्यांचा निर्णय घडवण्यासाठी आणि बुकिंग मिळवण्यासाठी इंटरनेटवर जे प्रयत्न करतात, त्या सर्वांचा समावेश या विषयात होतो. स्वतःचे संकेतस्थळ, सर्च इंजिनवरील जाहिराती, बुकिंगची संकेतस्थळे, ग्राहकांचे अभिप्राय, ईमेल आणि समाजमाध्यमे ही त्याची मुख्य साधने होत. खोली, बोटीची फेरी किंवा वाटाड्या यांपैकी काहीच विकत घेण्याआधी पारखून पाहता येत नाही. पैसे बहुधा आधी भरावे लागतात, तेही दूरच्या ठिकाणच्या अनोळखी माणसाला. दुसरीकडे, आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. ग्राहकाला भरवसा हवा असतो आणि विक्रेत्याला घाई असते. या व्यवसायातील ऑनलाइन विपणनाचे बहुतेक प्रकार, बरे आणि वाईटही, या दोन गरजांमधूनच निघालेले आहेत.

विमानाच्या आरक्षणात संगणकाचा मोठा वापर अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी १९६० च्या दशकात उभारलेल्या ‘सेबर’ प्रणालीने सुरू झाला. मात्र ती कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या आणि पुढे एजंटांच्या हाती होती, प्रवाशाच्या नव्हे. १९९५ मध्ये डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीने एजंटांच्या कमिशनवर कमाल मर्यादा घातली आणि इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. पाठोपाठ १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्स्पीडिया’ हे प्रवास-बुकिंगचे संकेतस्थळ सुरू केले आणि त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये, आज ‘बुकिंग डॉट कॉम’ या नावाने ओळखले जाणारे संकेतस्थळ जन्माला आले. २००० मध्ये प्रवाशांच्या अभिप्रायांचे ‘ट्रिपअ‍ॅडव्हायझर’ आणि गूगलची ‘अ‍ॅडवर्ड्‌स’ ही जाहिरात सेवा आली. घरे व खोल्या भाड्याने देण्याचे ‘एअरबीएनबी’ २००८ चे, तर ‘इन्स्टाग्राम’ २०१० चे.

इंटरनेटमुळे एजंटांसारखे मध्यस्थ संपतील, ही सुरुवातीची अपेक्षा खरी ठरली नाही. मध्यस्थ फक्त बदलले. बुकिंगची संकेतस्थळे हॉटेलांकडून खोलीच्या दराच्या साधारण १५ ते २५ टक्के कमिशन घेतात आणि त्यातला मोठा वाटा पुन्हा जाहिरातींवर खर्च करतात. बुकिंग डॉट कॉमची मालक असलेल्या बुकिंग होल्डिंग्ज या कंपनीने २०१९ मध्ये सुमारे १५ अब्ज डॉलरच्या महसुलापैकी सुमारे ४.४ अब्ज डॉलर सर्च इंजिनांसारख्या ठिकाणी ग्राहक मिळवण्यावर खर्च केले. प्रवाशाने सर्चमध्ये ‘समुद्रकिनाऱ्याजवळचे हॉटेल’ असे टाइप करताच त्या शब्दांसाठी जाहिरातदारांमध्ये क्षणार्धात लिलाव होतो, आणि एवढ्या रकमेसमोर एकट्या हॉटेलचा टिकाव लागणे कठीण असते. प्रवाशाने हॉटेलचे नाव टाकून शोध घेतला, तरी सर्वात वर बुकिंग संकेतस्थळाची जाहिरात असू शकते. म्हणजे जो ग्राहक आपले नाव ऐकून आला, त्याच्यासाठीही हॉटेलमालकाला कमिशन मोजावे लागते. याला दुसरी बाजूही आहे. कॉर्नेल विद्यापीठातील ख्रिस अँडरसन यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, बुकिंग संकेतस्थळावर नाव झळकल्यामुळे हॉटेलकडे थेट येणारी बुकिंगही वाढतात. तरीही, आमच्यापेक्षा कमी दर स्वतःच्या संकेतस्थळावर देऊ नका, अशी अट या कंपन्या हॉटेलांवर घालत आल्या, ती अन्याय्यच होती. फ्रान्सने २०१५ मध्ये कायद्याने ती रद्द ठरवली.

भरवशाची गरज सर्वाधिक भागवली ती ग्राहकांच्या अभिप्रायांनी. माहितीपत्रकातला फोटो विकणाऱ्याने निवडलेला असतो. गादी कशी होती, गरम पाणी किती वाजता आले, रस्त्याचा आवाज खोलीत येतो का, हे तिथे राहून आलेला माणूसच सांगू शकतो. एका तक्रारीपेक्षा तिला मिळालेल्या उत्तरावरून प्रवासी जास्त ठरवतात, असा या क्षेत्रातील व्यावसायिकांचा अनुभव आहे. म्हणून शांत, नेमके आणि चूक मान्य करणारे उत्तर देणे हे आता हॉटेलच्या स्वागतकक्षाइतकेच महत्त्वाचे काम झाले आहे. पण अभिप्रायांवर पैसा अवलंबून असला की ते विकतही मिळू लागतात. २०१७ मध्ये लंडनमधील पत्रकार ऊबा बटलर यांनी आपल्या घरामागच्या शेडला उपाहारगृह म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदवले आणि ओळखीच्यांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले. एकाही पाहुण्याला जेवण न वाढता ते लंडनमधील पहिल्या क्रमांकाचे उपाहारगृह ठरले. २०१८ मध्ये इटलीतील लेचे येथील न्यायालयाने खोटे अभिप्राय विकणाऱ्या एका व्यावसायिकाला ९ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. युरोपीय संघात मे २०२२ पासून, अभिप्राय खऱ्या ग्राहकांचेच आहेत याची खातरजमा होते का आणि कशी, हे सांगणे विक्रेत्यांना बंधनकारक आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही २०२४ मध्ये बनावट अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम केला.

घाईचा वापर याहून उघड आहे. ‘फक्त १ खोली शिल्लक’, ‘आत्ता आणखी ७ जण हे हॉटेल पाहत आहेत’ अशा सूचना काही वेळा त्या जणांनी वेगळ्याच तारखा शोधल्या असतानाही दाखवल्या जात. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने चौकशी केल्यावर २०१९ मध्ये सहा मोठ्या संकेतस्थळांनी अशा पद्धती बदलण्याची हमी दिली.

समाजमाध्यमांचे सामर्थ्य पर्यटन मंडळांनी लवकर ओळखले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या पर्यटन मंडळाने २००९ मध्ये हॅमिल्टन बेटावर ६ महिने राहून तिथले अनुभव इंटरनेटवर लिहिण्यासाठी १,५०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर वेतनाची जागा जाहीर केली. ३४,००० हून अधिक लोकांनी व्हिडिओ पाठवून अर्ज केले, आणि निवड होण्याआधीच ते बेट जगभर पोहोचले; अर्जदारांनी स्वतःच त्याची जाहिरात केली, हे त्या मोहिमेचे खरे मर्म. त्याच वर्षी एका विमान कंपनीच्या हाताळणीत गिटार मोडलेल्या कॅनेडियन गायकाने तक्रारीचे गाणे यूट्यूबवर टाकले आणि लाखो लोकांनी ते पाहिले. पुढे इन्फ्लुएन्सरांना फुकट मुक्काम किंवा मानधन देण्याची रीत रूढ झाली. त्यात मजकूर सशुल्क आहे हे स्पष्ट सांगणे अनेक देशांत आवश्यक आहे. कारण अनुयायी त्या माणसाकडे विक्रेता म्हणून नव्हे, परिचित म्हणून पाहतात.

या विपणनाचा सर्वात गंभीर परिणाम स्थळांवर झाला आहे. हॉटेल भरले की बुकिंग बंद होते. डोंगरकड्याला तशी सोय नाही. नॉर्वेतील ‘ट्रोलटुंगा’ या कड्यावर २०१० मध्ये सुमारे ८०० लोक गेले होते. २०१६ मध्ये ही संख्या सुमारे ८०,००० झाली, आणि अपुऱ्या तयारीने आलेल्यांना सोडवण्यासाठी बचाव पथकांना वारंवार जावे लागू लागले. जपानमधील फुजिकावागुचिको नगराने मे २०२४ मध्ये, एका दुकानामागे फुजी पर्वत दिसतो म्हणून फोटोसाठी होणारी गर्दी आवरण्यासाठी, २.५ मीटर उंच आणि २० मीटर लांब पडदा लावला. तो त्या वर्षी ऑगस्टमध्ये काढण्यात आला. अमेरिकेतील जॅक्सन होलच्या पर्यटन मंडळाने २०१८ पासून पर्यटकांना समाजमाध्यमांवरील फोटोंवर नेमके ठिकाण न टाकण्याची विनंती केली. अ‍ॅमस्टरडॅमने मार्च २०२३ मध्ये सर्चमधील जाहिरातींची यंत्रणा उलट दिशेने वापरली : १८ ते ३५ वयोगटातील ब्रिटिश पुरुषांनी त्या शहरातील लग्नाआधीच्या पार्ट्यांसारख्या गोष्टींचा इंटरनेटवर शोध घेतला की त्यांना दंड, अटक आणि रुग्णालय यांची जाणीव करून देणाऱ्या जाहिराती दिसत. पर्यटकांनी येऊ नये यासाठी शहराने सर्चमधील शब्दांवर पैसे खर्च करावेत, हा या क्षेत्रातील मोठा बदल आहे; यापूर्वी पर्यटन मंडळांचे यश मुख्यतः येणाऱ्यांच्या संख्येवरून मोजले जात असे.