हळकुंडाचा डोळा आणि सांगलीचा सूत्रधार

गेल्या उन्हाळ्यात सांगलीत हळदीच्या जाहिरातीसाठी माणसाएवढं हळकुंड रस्त्यावर फिरत होतं. डोळे मिचकवायचं, जबडा हलवायचं. दुसऱ्याच दिवशी डाव्या डोळ्याची पापणी अर्ध्यावर अडकली. आतल्या पोराला त्याचा पत्ताच नाही, तो आपला हात हलवतोय, आणि समोरची चिल्लीपिल्ली विचारताहेत, "झोप आली का रे?" पानपट्टीच्या आडोशाला रिमोट घेऊन उभा असलेला त्याचा जोडीदार मात्र घामाघूम.

हलत्या चेहऱ्याच्या पोशाखाला अशी दोन माणसं लागतात. आतला वजन पेलतो, चालतो, नाचतो. चेहरा चालवतो तो बाहेरचा.

आपल्याकडची जाहिरातीतली पात्रं आधी कागदावरच जगली. एअर इंडियाचा महाराजा १९४६चा, व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू १९५४चा, अमूलची मुलगी १९६६ची. त्यांना घाम येण्याचा प्रश्न नव्हता. २००९मध्ये व्होडाफोनच्या जाहिरातीत पांढरे झूझू आले तेव्हा अनेकांना ते ॲनिमेशन वाटलं. प्रत्यक्षात आत माणसं होती. पण त्यांचे हावभाव वेगवेगळे कापून चेहऱ्यावर चिकटवलेले असायचे, यंत्र काहीच नव्हतं.

यंत्राचा चेहरा आला परदेशातून. डिस्नेलँडमध्ये १९६३ साली यंत्रांवर गाणारे पक्षी बसवले, पण त्यांच्या पोटात माणूस नव्हता. माणूस आत आणि चेहरा रेडिओवर बाहेरून, ही जोडणी गाजली ती १९९०च्या निन्जा टर्टल्स चित्रपटातल्या कासवांमुळे. ती जिम हेन्सन यांच्या कार्यशाळेत घडली होती. आजही आतला जीव तोच: छोट्या सर्व्हो मोटरी, म्हणजे सांगू त्या कोनात वळून थांबणाऱ्या. सेकंदाला साधारण पन्नास वेळा इशारा जातो. तो दीड मिलिसेकंदाचा असला की मोटर मधोमध, कमी-जास्त झाला की या नाहीतर त्या बाजूला. या मोटरी हेल्मेटवर बसवायच्या, वरून फोमचं डोकं, आतल्याला बघायला तोंडाच्या जागी जाळी. सांगलीच्या एप्रिलमध्ये आत पंखा हवाच. तो चालू असतानाही पोरगं अर्ध्या तासात बाहेर काढावं, असं माझं मत.

हे तंत्र नवं असलं तरी कामाची वाटणी सांगलीला नवी नाही. १८४३मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' रंगवलं. त्यांच्या नाटकांत पदं म्हणायचा सूत्रधार. पात्रं त्यावर हावभाव करायची आणि मधली भाषणं ऐन वेळी जुळवायची. गणपती येई, मोरावरची सरस्वती येई. राक्षस तर असे आरडाओरडा करत घुसायचे की पुढच्या पिढीने या नाटकांना 'अलल्लडुर्र' म्हणून हिणवलं. हिणवणाऱ्यांनी सोंगाची ताकद ओळखली नाही, असं मला वाटतं.

भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. बऱ्याच काळाने बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारे रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा खेळवल्या. लिज्जत पापडाच्या जाहिरातीत 'कर्रम कुर्रम' करणारा ससाही पाध्यांचाच. म्हणजे सांगलीच्या बाहुल्या आणि दूरदर्शनवरची जाहिरात एकाच माणसाच्या हातांतून गेली.

हळकुंडाची पापणी शेवटी सुटली. मोटरीच्या दांड्याला फोमचा चुरा चिकटला होता. जुन्या टूथब्रशने झाडला. तोवर आतल्या पोराने दोन ग्लास सरबत संपवलं होतं.