आजोबांना विडीने काही केले नाही, मग?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी-पाव खाताना शेजारच्या टेबलावरचा वाद कानी पडला. "आमच्या आजोबांनी जन्मभर विडी ओढली, काय झालं त्यांना?" त्यावर समोरचा म्हणाला, "आमच्या काकांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला. नशीब एकेकाचं!" विडीने फुफ्फुसे जातात हे ठाऊक असते, मूत्राशयाशी तिचा संबंध मात्र कोणी लावत नाही. तरी या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान असते.

आणि ते "नशीब" यकृतातल्या एका विकराशी (एन्झाइमशी) बरेच जुळते.

१८९५ साली फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी नोंदवल्या. पुढे आरोपी ठरली अ‍ॅरोमॅटिक अमाइन नावाची रसायने. तीच मंडळी तंबाखूच्या धुरातही असतात. १९३८ मध्ये अमेरिकेतले संशोधक ह्यूपर यांनी त्यांतले एक, नॅफ्थिलअमाइन, कुत्र्यांना देऊन मूत्राशयाचा कर्करोग घडवून दाखवला. कुत्रेच का, हे मला फार आवडते. ही रसायने थंडावणारा विकर बनवणारी नॅट जनुकेच कुत्र्याकडे नसतात!

आपल्याकडे असतात. नॅट-२ हा विकर अमाइनला अ‍ॅसिटाइल गट चिकटवतो, की तो रेणू बराचसा थंडावतो. पण यकृतात त्याच रेणूवर दुसऱ्या एका विकराचाही डोळा असतो. सायटोक्रोम पी-४५० कुळातला हा विकर अमाइनला ऑक्सिजन जोडतो. तो रेणू साखरेच्या एका आम्लाशी बांधला जाऊन मूत्रपिंडातून लघवीत उतरतो. लघवी आम्लधर्मी असली की गाठोडे सुटते आणि मोकळा झालेला रेणू मूत्राशयाच्या अस्तरातल्या डीएनएला जाऊन चिकटतो. म्हणजे नॅट-२ जितका संथ, तितके जास्त अमाइन दुसऱ्याच्या हाती.

हा विकर कोणाचा संथ, कोणाचा चपळ, हे कळले क्षयाच्या गोळ्यांमुळे. १९५०च्या दशकात आयसोनियाझिड हे क्षयाचे औषध आले, त्यालाही नॅट-२ च निकामी करतो. तेव्हा काहींच्या रक्तात ते तासन्‌तास रेंगाळत असे आणि हातापायांना मुंग्या येत. त्यासाठी बी-६ जीवनसत्त्व देतात. ही संथ मंडळी काही दुर्मीळ नाहीत. भारतात ती निम्म्याहून अधिक आहेत, जपानमध्ये मात्र दहातला एखादाच.

आता गुंता. बेंझिडीन या रंगरसायनाच्या बाबतीत गणित वेगळे पडते. त्याला दोन टोकांना अमाइन असतात, आणि एका टोकाचे अ‍ॅसिटिलीकरण ही उलट विषारी होण्याच्या वाटेवरची पायरी असते. चीनमधल्या बेंझिडीन कामगारांत संथ नॅट-२ वाल्यांना जादा धोका दिसला नाही. "वाईट जनुक" म्हणून बोट दाखवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

धोका वाढतो तरी किती? २००५ च्या स्पेनमधल्या मोठ्या अभ्यासात संथ नॅट-२ मुळे सुमारे १.४ पट, आणि जीएसटीएम-१ हे विषारी रेणू निकामी करणारे आणखी एक जनुक आई-वडील दोघांकडूनही आलेले नसेल तर १.७ पट. नॅट-२ चा परिणाम दिसला तो सिगारेट ओढणाऱ्यांत, कधीच न ओढणाऱ्यांत नाही. धूम्रपान एकटेच धोका तीन-चार पटींनी वाढवते. त्यामुळे थुंकी डबीत भरून "तुमचा कॅन्सर आधीच ओळखा" म्हणणारी किट मला देवळातल्या कौलाइतकीच भरवशाची वाटतात. कौल निदान स्वस्त पडतो. बरे, २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण गोव्यात ९.७ टक्के, म्हणजे देशात सर्वांत कमी होते. ते काही जनुकांमुळे नव्हे.

आजोबांचा नॅट-२ चपळ होता की त्यांना निव्वळ योगायोगाने काही झाले नाही, हे आता कसे सांगणार? काकांबद्दल मात्र विचारावेसे वाटले. लघवीतून न दुखता रक्त जाणे हे या रोगाचे नेहमीचे पहिले लक्षण. आपल्याकडे त्याला "उन्हाळी लागली" म्हणतात, कोकमाचे आगळ पाण्यात घालून पितात, आणि रक्त आपोआप थांबतेही. काही आठवड्यांनी ते पुन्हा दिसते.